मार्सेलिनाच्या पेटीचं झाकण

मी एक फळी बोलतेय. आंब्याची. आंब्याची म्हटल्यावर नाक मुरडू नका; सागाच्या फळ्यांनी जन्मभर मुरडलं तेवढं पुरे झालं. आम्हाला होमाला तोडतात, सरणाला तोडतात, मढ्याच्या पेटीला तोडतात. घरात कपाट करायचं निघालं की मात्र सगळ्यांना साग आठवतो. असू द्या. ज्याचं त्याचं नशीब.

सध्या मी मरोळच्या कबरस्तानात चार-साडेचार फूट मातीखाली आहे. सात वर्षं झाली. माझ्याखाली मार्सेलिना नावाची एक म्हातारी आहे, आणि आज सकाळपासून डोक्यावर फावड्याचा आवाज येतोय. सीताराम खणतोय, त्याचा खोकला मी ओळखते. ही कबर एकाच घराची. ती उघडतायत म्हणजे त्या घरातलं कुणीतरी गेलं. कोण गेलं असेल तेही मला कळलंय, कारण दर रविवारी इथं येऊन बसणारा एक माणूस गेले तीन रविवार आला नाही.

अजून दोनेक फूट माती आहे. तेवढ्यात सांगून टाकते. नंतर माझं काय होईल, देव जाणे.

मी झाड होते तेव्हा मरोळ गावाच्या कडेला, भाताच्या खाचराच्या बांधावर उभी असायचे. खाचर मार्सेलिनाचं. नवरा लवकर गेला, मागे दोन मुलगे ठेवून. थोरला इसिडोर, धाकटा रोझारिओ. बाईनं पावसाळ्यात भात लावला, बाकीचे दिवस वांगी, मुळा, लाल माठ केला आणि पोरं वाढवली. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन चालत अंधेरीच्या बाजाराला जायची. परत आली की माझ्या बुंध्याशी पाटी उतरवायची आणि घटाघटा पाणी प्यायची. उभ्यानंच. "बसलं की उठवत नाय," म्हणायची.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवते, पुढं लागेल. मार्सेलिना बुटकी होती. पाच फुटांनाही दोन बोटं कमीच. झाडाला काय, सगळेच बुटके दिसत असतील, असं म्हणाल. तसं नाही. माझ्या सगळ्यात खालच्या फांदीची कैरी तिच्या हाताला कधी लागली नाही, दर वेळी आकडी आणावी लागायची. पण पोरांना हे कोण सांगणार? त्यांनी तिला कायम खालून बघितलेलं. डोक्यावर पाटी, पाटीत भाजीचा ढीग, आणि हे दोघे पदराला लोंबकळणारे.

मग कारखाने आले. जमिनी गेल्या, त्यात हे खाचरही गेलं. नवा रस्ता नेमका माझ्यावरून आखला होता. करवत लागली तेव्हा मार्सेलिना बांधावर उभी राहून बघत होती. रडली वगैरे नाही. मुकादमाला एवढंच म्हणाली, "जमीन घेतली, झाड नाय घेतलं. लाकूड आमचं हाय." तो हो-नाही करायला लागला तर त्याच्या बैलगाडीसमोर जाऊन उभी राहिली. शेवटी बुंधा तिला मिळाला. अंधेरीच्या वखारीत माझ्या फळ्या पडल्या. त्या दिवसाबद्दल मी बोलणार नाही, माझ्यानं बोलवत नाही.

रोझारिओ तोवर सुतार झाला होता. खिडक्या-दारं करायचा, पण गावात त्याचं नाव होतं ते पेट्यांसाठी. कुणी वारलं की पहिला निरोप फादरला आणि दुसरा रोझारिओला. त्याची एक रीत होती. तयार पेटी तो कधी घरात ठेवायचा नाही. पेटी रिकामी ठेवली की ती माणूस शोधत हिंडते, असं त्याच्या उस्तादानं त्याला सांगितलेलं. त्यामुळे माणूस गेल्याशिवाय फळीला करवत लावायची नाही. आणि माप? फूटपट्टी नाही, दोरी नाही. मेलेल्या माणसाला सुतारानं टेप लावणं त्याला बरं वाटायचं नाही. दाराशी टोपी काढून उभा राहायचा, एकदा बघायचा, आणि निघायचा. वीस वर्षांत बोटभर चूक नाही. लोक म्हणायचे, रोझारिओनं जास्त वेळ बघितलं तर घाबरायचं.

इसिडोर मात्र कुणालाच नीट कळला नाही. शहरातल्या चित्रकलेच्या शाळेत दोन वर्षं गेला आणि मास्तरांशी भांडून परत आला. मास्तर म्हणायचे, नाक असं काढ. हा म्हणायचा, मला नाक दिसतच नाही, नाकाच्या बाजूचा अंधार दिसतो. आता अशा माणसाला कोण काय शिकवणार? पोटासाठी तो औषधांच्या एका कारखान्यात बाटल्यांची लेबलं काढायचा. बाकीचा वेळ रंगवायचा आणि लिहायचा. चार डोकी एकत्र येऊन सायक्लोस्टाइलवर मासिक काढतात आणि आपसांतच वाटतात, तसल्या मासिकांत त्याचं छापून यायचं. घरच्या बोलीत लिहायचा म्हणून शहरातले हसायचे, आणि पानभर एकही पूर्णविराम द्यायचा नाही म्हणून गावातले. एकदा नाताळच्या गोठ्यामागचा पडदा त्याला रंगवायला दिला. यानं आभाळ लालभडक केलं. फादर स्वभावानं चांगले. त्यांनी फक्त पडदा उलटा लावला.

तर माझ्या झाडाच्या सगळ्या फळ्यांत रुंद आणि बिनगाठीची मीच. दोन फूट रुंद, सहा फूट लांब. रोझारिओनं मला शेडमध्ये वेगळी उभी करून ठेवली होती. एक दिवस इसिडोर आला आणि मला उचलायला लागला.

"ए, ती ठेव," रोझारिओ ओरडला. "ती चांगल्या पेटीसाठी हाय. तुझ्या रेघोट्यांना नाय."

"मला आयला काढायची हाय. उभी. पुरी."

"आयला काढायला कागद पुरतो."

मार्सेलिना मागच्या दारी मासळी साफ करत होती. तिथूनच म्हणाली, "घेऊ दे रे त्याला. मेलेल्यांना किती देशील? एक जित्यासाठी दे." आईपुढं रोझारिओचं कधी चाललं नाही. पाय आपटत तो कामाला लागला, आणि मी इसिडोरच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकले. तिथं मी नऊ वर्षं टेकून होते.

त्यानं मला अस्तर दिलं, दोनदा घासलं आणि रंगवायला घेतलं. मी काही चित्रातली जाणकार नाही. पण नऊ वर्षं एखादी गोष्ट अंगावर वागवली की तिची थोडी समज येतेच. त्यानं आईला उभं केलं, माझ्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. चौकडीचं लुगडं म्हणजे भाताची खाचरं. एकेका चौकोनात पाणी, चिखल, रोप. कमरेशी खाणीतल्या दगडासारखे करडे ठोकळे. खांदा निळा, का ते विचारू नका. पाय मात्र पायांसारखे, भेगांसकट. शेजारची रुक्मिणी बघायला आली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "बाई हाय का चाळ?" ती गोष्ट दुपारपर्यंत गावभर झाली.

मार्सेलिनानं चित्र वरपासून खालपर्यंत बघितलं. मग खाली वाकून म्हणाली, "पाय माझेच हायत. भेगा बरोबर काढल्यास." आणि सरळ होऊन, "तोंड कवा काढशील?"

कारण तोंड नव्हतं. केस होते, कानातली होती, मान होती. मधली जागा कोरी.

असं नाही की त्यानं काढलं नाही. आठ वेळा काढलं. चांगलं काढायचा, मला तर वाटायचं झालं एकदाचं. मग मागे सरकून बघायचा, म्हणायचा, "ही ती नाय," आणि टर्पेंटाइनचा बोळा घेऊन पुसायचा. बोळ्यानं निघालं नाही की पातं घेऊन खरवडायचा, पार लाकूड लागेपर्यंत. आठव्यांदा खरवडलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. मला राग यायचा हो. अंग माझं सोलून निघत होतं, आणि रडायचा हा.

सोलून झालं की मला फिरवायचा आणि माझ्या पाठीवर लिहायचा. रोझारिओच्या कानामागची लाल पेन्सिल पळवून आणलेली असायची, तिनं. एक-दोन ओळी, कधी चार. पुन्हा मला भिंतीला लावायचा. माझी पाठ कुणी बघितली नाही. भिंतीला टेकलेल्या फळीची पाठ कोण बघतो?

वर्षं गेली. मार्सेलिनाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. चित्र दिसेनासं झालं तेव्हा ती येऊन हातानं बघायची. पायापासून सुरुवात करायची. रंग जाड होता, बोटांना लागायचा. लुगड्यावरून वर, खांद्यावरून वर, आणि मग बोटं त्या गुळगुळीत जागेवर येऊन थांबायची.

"अजून लाकूडच लागतंय रे."

"काढतो आय. होतंय."

"माझ्याकडं बघून काढ ना. मी काय पळून चाललेय?"

"तू बसतेस कुठं? एक दिवस बस माझ्यासमोर."

"बसलं की उठवत नाय," ती म्हणायची आणि चुलीकडे जायची.

अशात एक दिवस शहरातून चंद्रप्रकाश आला. तसलंच एक मासिक तो काढायचा आणि चित्रांची प्रदर्शनंही भरवायचा. बसनं आला, चिखलात बूट बरबटले, तोंड वाकडं करून खोलीत शिरला. भिंतीवरची बाकीची चित्रं त्यानं भराभर बघितली आणि माझ्यासमोर येऊन थांबला. मग स्टूल ओढून बसलाच.

"इसिडोर, ही कुठं लपवून ठेवली होतीस रे?"

"लपवली नाय. पुरी झाली नाय."

"यार, ही एक फळी बाकी सगळ्यांना भारी आहे. दिवाळीनंतर मी हॉल घेतलाय. मधल्या भिंतीवर हीच लावू. लोक तुझं नाव विचारत येतील, लिहून ठेव."

पंचेचाळिशीला आलेल्या माणसाला असं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. इसिडोरच्या हातातला चहा लवंडला. "पण तोंड?"

"राहू दे कोरं. आजकाल चालतं. उलट जास्त चालतं."

इसिडोरनं मान हलवली. "आयला नाय चालणार."

"मग काढ लवकर," चंद्रप्रकाश म्हणाला. "दिवाळी झाली की टेम्पो पाठवतो."

त्या दिवसापासून इसिडोर पार बदलला. लेबलांच्या कामाला दांड्या मारायला लागला. दाढी केली. रोझारिओला जाऊन सांगितलं, तर तो रंधा थांबवून म्हणाला, "शहरातली माणसं बिनतोंडाची बाई बघायला येणार? मग आपण पेट्या कशाला करतोय!" पण संध्याकाळी तो स्वतः येऊन मला टेम्पोत घालायला चौकट करावी लागेल का, बघून गेला. बोलायचा तिरकं, पण माणूस तसा वाईट नव्हता.

आणि मग दिवाळीचा पाडवा आला.

सकाळचं ऊन मागच्या दाराशी पडलं होतं. इसिडोर मला उजेडाला म्हणून तिकडे घेऊन आला, आणि बघतो तर मार्सेलिना बसलेली. भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून, मांडीवर माठाची जुडी. उन्हात तोंड करून. अख्ख्या आयुष्यात ती अशी बसलेली मी बघितली नव्हती. त्यानंही नाही. त्याला वाटलं, त्याच्यासाठीच बसली.

"तशीच ऱ्हा आय," तो म्हणाला. मला समोर टेकवली आणि कोळसा घेऊन काढायला लागला. त्याचा हात इतका हलका मला कधी लागला नव्हता. कपाळ आलं, एक भुवई आली. पाव तास तरी गेला असेल. मग तो म्हणाला, "जरा इकडं वळ ना. डावीकडं."

ती वळली नाही.

"आय?"

माशी बसली होती हो तिच्या ओठावर. त्यानंतर त्यानं जी हाक मारली ती मी मातीखाली सात वर्षं ऐकतेय. आणि पहिली गोष्ट काय केली असेल त्या वेड्यानं? तळहातानं माझ्यावरचा कोळसा पुसून टाकला. भुवई गेली, कपाळ गेलं. जागा पुन्हा कोरी.

माती चार वाजता, असं ठरलं. रोझारिओ दाराशी आला, टोपी काढली. एकदा बघितलं. रडायचं राहिलं होतं, पण आधी काम. शेडमध्ये गेला आणि करवतीचा आवाज सुरू झाला. त्या आठवड्यात गावातले दोघे गेले होते. शेडमध्ये एकाच पेटीचं लाकूड उरलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. बारा वाजता त्यानं पेटी आणून खाटेशेजारी ठेवली.

पेटी पाऊण फूट जास्त लांब होती. रुंदीलाही जास्त. मार्सेलिना त्यात कुठल्या कुठे हरवली असती.

रोझारिओ पेटीकडे बघे, आईकडे बघे. "एवढीशी हाय?" तो म्हणाला. "आय एवढीशी हाय?" वीस वर्षं गावाला एका नजरेत मापणारा माणूस. आपल्या आईला त्यानं बघितलं तेव्हा त्याला पाटीसकट दिसली होती.

पेटी लांब-रुंद करण्यात झाकणाचं लाकूडही संपलं होतं. वखार बंद. वखारवाला दिवाळीला कच्छला गेलेला, लाभपंचमीशिवाय कुलूप निघायचं नाही. कुणी म्हणालं, खाट मोडा. कुणी म्हणालं, मोरीचं दार काढा. रोझारिओ नुसता उभा. कापलेलं पुन्हा कापायला त्याचे हात धजत नव्हते.

इसिडोर आत गेला आणि मला घेऊन बाहेर आला.

"ही नाय," रोझारिओ म्हणाला. "ही शहरात जाणार हाय."

"घे."

"वेडा झालास? नऊ वर्षं काढलीस हिच्यावर. तो माणूस टेम्पो पाठवणार हाय. आयुष्यात एकदा तुझं कायतरी होतंय, ते पण पेटीत घालतोस?"

"मेलेल्यांच्या वाटणीतली मागून आणली होती," इसिडोर म्हणाला. "आता परत घे."

रोझारिओनं मला हातात घेतलं. खुणा करायला त्यानं मला दोन स्टुलांवर पालथी घातली. आणि माझी पाठ वर आली. वरपासून खालपर्यंत लाल पेन्सिलीची अक्षरं.

रोझारिओला वाचता यायचं, पण त्या घटकेला त्याचे डोळे अक्षरांवर ठरत नव्हते. त्याची मुलगी इनेझ, मार्सेलिनाला मोठी आय म्हणायची, शिक्षिकेचं शिकत होती, एकोणीस वर्षांची. ती वाकून वाचायला लागली. आधी मनात. मग रुक्मिणी म्हणाली, "मोठ्यानं वाच गं." इसिडोर म्हणाला, "नको." कुणी ऐकलं नाही.

इनेझनं वाचलं:

"आयनं आज विचारलं तोंड कवा मी बोललो उद्या. मी तिला उद्या देतो आणि ती मला आज भाकरी देते."

"बसलेल्या माणसाचं तोंड काढता येतं. आमची आय बाजाराला निघालेली असते नायतर बाजारातून आलेली असते."

"आज तिला झोपेत बघितली. झोपेत ती कुणाचीच आय नव्हती एक थकलेली बाई होती. मी भ्यायलो. पेन्सिल ठेवली."

"आज ती बोटांनी चित्र बघत होती. कोऱ्या जागेवर बोट थांबलं तेव्हा मला माझी लाज वाटली. जगात कुणाला नाय दाखवलं तरी चालेल देवा हिला दाखवायचं हाय."

घरात हुंदके सुरू झाले होते. ज्यांनी त्याचं एक अक्षर कधी वाचलं नव्हतं, ज्या बायका चाळ-चाळ म्हणून हसल्या होत्या, त्याच पदर डोळ्यांना लावून ऐकत होत्या. इनेझ बाहीनं डोळे पुसत वाचत होती. सगळ्यात खाली, माझ्या पायथ्याशी, ही ओळ होती:

"रोझारिओ एकदा बघतो आणि त्याला माणूस कळतो. मी नऊ वर्षं बघतो तरी कळत नाय. माझ्या भावाचे डोळे मला हवे होते."

रोझारिओ खाली बसला. पेटीच्या कडेवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. इसिडोर त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. डोळे पुसून रोझारिओ म्हणाला, "तुला तोंड जमलं नाय, मला माप जमलं नाय. आयनं दोघांना फसवलं रे."

मग त्यानं मला कापलं. कडा गेल्या, चित्रातला उजवा कोपर गेला. इसिडोरनं फक्त एवढं मागितलं, "चित्र आतल्या बाजूला ठेव." वरून, म्हणजे लिहिलेल्या बाजूवर, रीतीप्रमाणे काळं कापड ठोकलं. पायाशी उरलेल्या पाऊण फुटात तिची लुगडी भरली. झाकण लावलं तेव्हा माझी ती कोरी जागा बरोबर तिच्या तोंडासमोर आली. वीतभर अंतर. मूठमाती पडली आणि आमच्यासाठी सगळं बंद झालं.

खाली काय असतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुमची वेळ आली की कळेल. पण वरचं ऐकू यायचं. इसिडोर दर रविवारी यायचा, दगडावर बसायचा आणि आईशी बोलायचा. पहिल्याच महिन्यात त्यानं सांगितलं, "चंद्रप्रकाशचा टेम्पो आला होता आय. विचारलं, चित्र कुठाय. बोललो, आयकडे हाय. तो शिव्या देऊन गेला." पुढं कधीतरी म्हणाला, "रोझारिओ आता टेप ठेवतो खिशात. डोळ्यांवर विश्वास नाय ऱ्हायला त्याचा." ब्रश त्यानं पुन्हा धरला नाही. कारखान्यातली लेबलं तेवढी काढत राहिला. लिहायचा मात्र. लिहिलेलं आणून इथं वाचायचा, आणि मग विचारायचा, "कसं वाटलं?" छापायला कुणी मागितलं नाही, त्यानंही दिलं नाही. गेल्या पावसाळ्यापासून वाचताना दम लागायचा. खोकला सीतारामपेक्षा वाईट होता. वाक्य अर्धंच सोडायचा आणि म्हणायचा, "बाकीचं पुढच्या रविवारी."

थांबा. फावडं लागलं मला.

"हळू रे," वरून आवाज आला. रोझारिओचा. "आता हातानं काढ." कुटुंबाची हाडं घरच्यानंच काढायची, अशी इथली रीत, म्हणून तो स्वतः खड्ड्यात उतरलाय. उजेड आला. सात वर्षांनी. डोळे असते तर मिटले असते.

माझ्यात आता फार काही राहिलं नाही. पायांकडचा भाग मातीच झालाय. वरचा दीडेक फूट तुकडा उरलाय. तेलरंगानं तेवढा वाचवला. निळा खांदा, मान, केसांचा काळा. रंगाला वाळवी शिवली नाही. रंग नव्हता तिथं मात्र शिरली, आणि सगळं खाऊन गेली. तोंडाच्या जागी आता आरपार भोक आहे.

रोझारिओनं मला उचललं. बाहीनं चिखल पुसला. मग ओळख पटली असावी, कारण त्यानं मला दोन्ही हातांनी उभं धरलं, तोंडासमोर, रंगाची बाजू बाहेर करून, आणि भोकातून बघत राहिला. खड्ड्याच्या काठावर इनेझ उभी होती. आता बाई झालीय, शाळेत शिकवते. काखेत वह्यांचा गठ्ठा, इसिडोरच्याच असणार.

"पपा," ती म्हणाली, "हलू नको."

"काय झालं?"

"हलू नको पपा. मोठी आय." आणि ती तोंडावर हात दाबून रडायला लागली. "मोठ्या आयचं तोंड."

ते तोंड मी इनेझच्या आधीपासून ओळखत होते. माझ्या बुंध्याशी पाटी उतरवून पाणी प्यायची तेव्हा मार्सेलिना रोझारिओच्या आजच्या वयाची होती. तेच कपाळ, तीच बसकी भुवई, ओठांशी तोच तिरकेपणा. इसिडोरा, अरे वेड्या, नऊ वर्षं तू मला सोलत राहिलास, आणि ते तोंड शेजारच्या शेडमध्ये रोज रंधा मारत होतं! एकदा मान वळवून बघितलं असतंस तर! पण भावाला इतका वेळ कोण बघतं? आणि मीही शहाणी कसली? नऊ वर्षं मलाही नाही दिसलं.

रोझारिओनं मला कबरस्तानाच्या भिंतीला टेकवून ठेवलंय. मार्सेलिनाची हाडं पांढऱ्या कापडात बांधून झाली. चार वाजता इसिडोर येणार आहे, टेपनं मापून केलेल्या पेटीत. मी वाट बघतेय. भिंतीला टेकून त्याची वाट बघायची मला सवय आहे.

रोझारिओ, माझं एक ऐकशील? सीताराम मला शेकोटीला नेईल, त्याला देऊ नकोस. इनेझ, त्या वह्या कोरड्या जागी ठेव गं, लाकडासारखी कागदालाही वाळवी लागते. आणि झाकण लावायच्या आधी मला त्याच्या छातीवर ठेवा, चित्र त्याच्याकडे करून. पण रोझारिओ, त्याआधी एकदाच मला तुझ्या तोंडासमोर धर आणि पेटीवर वाक. तुझ्या भावाचं चित्र पुरं झालंय, त्याला दाखवायचं राहिलंय.